वाचकांचे प्रश्न : पावणेचार वर्षांनंतर नगरसेवक

राज्यातील २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्यात नागपूरही होते. या निवडणुकीविषयी मतदानापूर्वी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न आणि त्यांना तेव्हाच दिलेली उत्तरे येथे आहेत. वाचकांची नावे न छापता केवळ वस्तीचा उल्लेख केला आहे.

मार्च २०२२ पासून नागपुरात एकही नगरसेवक नाही. तरी नळाला पाणी येते, कचरागाडी येते आणि रस्त्यांची कामे चालू आहेत. मग नगरसेवकांवाचून नेमके अडले काय? – एक वाचक, मानेवाडा

आपला प्रश्न वरवर उपहासाचा वाटला तरी तो गांभीर्याने घ्यावा असा आहे, कारण शहरातील पुष्कळ लोक आज मनात हेच म्हणत आहेत. पाणी आणणे, कचरा उचलणे ही प्रशासनाची कामे आहेत आणि नगरसेवक असतानाही ती प्रशासनच करीत होते. नगरसेवकांकडे कायद्याने सोपवलेले काम निराळे आहे. कोणत्या वस्तीत किती पैसा जाईल, कोणते कंत्राट कोणाला आणि कोणत्या अटींवर मिळेल, कर किती वाढेल, हे ठरवण्याचा आणि ठरवताना चारचौघांत वाद घालण्याचा अधिकार त्यांचा असतो. आयुक्तांनी अर्थसंकल्प मांडायचा, सोळा सदस्यांच्या स्थायी समितीने त्याची छाननी करायची आणि अखेरीस आमसभेत त्यावर चर्चा व्हायची, अशी ती रीत आहे. प्रशासक राजवटीत आयुक्त हेच प्रशासक झाले, म्हणजे प्रस्ताव ठेवणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकाच खुर्चीवर बसला. त्या खुर्चीवरील अधिकारी सचोटीचा असो वा नसो, त्याला भर सभेत ‘हे का?’ असे विचारणारा माणूस पावणेचार वर्षे नव्हता.

अडले काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचे आहे. त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी अंबाझरी आणि डागा ले-आउटमधील घरांत शिरले आणि माणसे दगावली. तलावाच्या सांडव्यासमोरील बांधकाम, नदीपात्राची अरुंद झालेली रुंदी आणि पुलांची उंची हे सर्व प्रश्न त्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. न्यायालयात जाणे गैर मुळीच नाही, परंतु ज्या शहरात महापालिका १९५१ पासून आहे तेथे नाल्याची रुंदी न्यायमूर्तींनी विचारावी लागते, याचा अर्थ ती विचारणारी पहिली जागा रिकामी होती असा होतो. सिमेंट रस्त्यांचेही तसेच आहे. रस्ता घराच्या जोत्याहून उंच झाला आणि पावसाचे पाणी अंगणात येऊ लागले, ही तक्रार शहराच्या कोणत्याही भागात ऐकू येते. मात्र ती घेऊन जायचे कोठे, तर झोन कार्यालयातील ज्या अभियंत्याने तो रस्ता मोजला त्याच्याकडेच.

पूर्वीचे सभागृह फार जागरूक होते असा याचा अर्थ नाही. २००७ ते २०२२ ही सलग पंधरा वर्षे भारतीय जनता पक्षाची सत्ता होती आणि २०१७ मध्ये १५१ पैकी १०८ जागा त्या एका पक्षाकडे गेल्यानंतर आमसभेतील चर्चा बऱ्याचदा उपचारापुरती उरली. काँग्रेसचे २९ सदस्य आपसांतील गटबाजीतच इतके गुंतले होते की विरोधी पक्ष म्हणून त्यांची धार शहराला फारशी जाणवली नाही. तरीही त्या सभेचे कामकाज नोंदले जात होते, पत्रकार कक्षात कोणीतरी बसलेले असे, आणि एखादा नगरसेवक हटून बसला तर विषय पुढच्या सभेवर ढकलावा लागत असे. तेवढा अडसरही गेली पावणेचार वर्षे नव्हता.

निवडणुका लांबल्या त्या न्यायालयामुळे की सरकारमुळे? दोन्ही आघाड्या एकमेकींकडे बोट दाखवतात. – एक वाचक, धरमपेठ

सुरुवात न्यायालयीन निर्णयाने झाली. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तीन कसोट्या पूर्ण करण्यास सांगितले. स्वतंत्र आयोग, त्याने गोळा केलेली माहिती आणि एकूण आरक्षणावर ५० टक्क्यांची मर्यादा, अशा त्या कसोट्या होत्या. ज्या जिल्हा परिषदांवरून हा वाद उभा राहिला त्यांत नागपूर, अकोला, वाशीम, भंडारा आणि गोंदिया होत्या, म्हणजे प्रश्न विदर्भाच्याच दारातला होता. या कसोट्या न्यायालयाने २०१० च्या निकालातच सांगून ठेवल्या होत्या. मधल्या अकरा वर्षांत राज्यात दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली आणि एकानेही ते काम हाती घेतले नाही. या माहितीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने मान्य केल्यावर निवडणूक व्हायला हवी होती. परंतु ऑगस्टमध्ये नव्या सरकारने प्रभागरचनाच बदलली, त्यावर नवे दावे दाखल झाले, न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला आणि पुढील पावणेतीन वर्षे तारखांवर गेली. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयानेच खडसावले आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली.

माझे मत विचाराल तर न्यायालयाचा वेळकाढूपणा खरा आहे, पण त्याने कोणत्याही सरकारची झोप उडाली नाही हे अधिक खरे आहे. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे घटनेचा २४३ यू हा अनुच्छेद सांगतो. मुदत संपल्यावर शहराची सूत्रे मंत्रालयातून हलवता येत असतील आणि वस्तीतील कामांचे श्रेय आमदारांना मिळत असेल, तर घाई कोणाला असणार? अजूनही सर्व मिटलेले नाही. नागपूर आणि चंद्रपूर येथील आरक्षण ५० टक्क्यांच्या पुढे गेल्याने या दोन महापालिकांचे निकाल न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहणार आहेत.

एका प्रभागात चार नगरसेवक असल्यामुळे जबाबदार कोण हेच कळत नाही. ही पद्धत कोणाच्या सोयीची आहे? – एक वाचक, महाल

ज्याची सत्ता त्याच्या सोयीची, हे याचे सरळ उत्तर आहे आणि त्याला कागदोपत्री आधार आहे. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता. २००७ मध्ये एका वॉर्डातून एक नगरसेवक निवडला गेला. २०१२ मध्ये दोनांचा प्रभाग झाला आणि नागपुरात १४५ जागा होत्या. २०१७ मध्ये चारांचा प्रभाग आला. महाविकास आघाडीने सत्तेवर येताच एकसदस्यीय वॉर्ड परत आणला आणि २०२१ मध्ये स्वतःच तो मोडून तीन सदस्यांचा प्रभाग केला. त्यानुसार नागपुरात ५२ प्रभाग आणि १५६ नगरसेवक व्हायचे होते, नकाशे निघाले होते, हरकती घेऊन झाल्या होत्या. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि आपण पुन्हा ३८ प्रभाग व १५१ सदस्यांवर आलो. एवढ्या उलथापालथीत ‘नागरिकांना काय सोयीचे’ असा अभ्यास कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

चार सदस्यांच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. आरक्षणाची सोडत फिरती असल्यामुळे एकसदस्यीय वॉर्डात चांगले काम करणाऱ्या नगरसेवकाचाही वॉर्ड हातून जातो, आणि निम्म्या जागा महिलांसाठी असताना हे वारंवार घडते. मोठ्या प्रभागात त्याला किंवा तिला निदान दुसऱ्या जागेवरून उभे राहता येते. हा युक्तिवाद खरा मानला तरी एक प्रश्न उरतोच, की मग मुंबईत २२७ वॉर्डांतून एकेकच नगरसेवक का निवडला जातो? मुंबईकराला आपला नगरसेवक नावाने ठाऊक असावा आणि नागपूरकराने चौघांच्या दारात फेऱ्या माराव्यात, या भेदाचे समाधानकारक स्पष्टीकरण आजवर एकाही नगरविकासमंत्र्याने दिलेले नाही.

परिणाम आपण सारे पाहतो. शहराच्या सुमारे २४ लाख लोकसंख्येला ३८ ने भागले तर एका प्रभागात साठ हजारांहून अधिक माणसे येतात. एवढ्या भागात पायी फिरून प्रचार करणारा अपक्ष टिकू शकत नाही. चिन्ह आणि पैसा असलेल्यालाच ते परवडते. पक्ष चौघांचे पॅनेल देतो, त्यात एक वजनदार चेहरा असतो आणि उरलेले तिघे त्याच्या आधाराने निवडून येतात. निवडून आल्यावर गडरलाइन तुंबली की ‘अ’ जागेचा नगरसेवक म्हणतो ती गल्ली ‘क’ पाहतात आणि ‘क’ म्हणतात निधी ‘ड’ने पळवला. महालसारख्या जुन्या वस्तीत, जेथे घरटी ओळख असते, तेथे हा प्रकार विशेष खटकतो. विद्यमान मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये याच महापालिकेत नगरसेवक झाले आणि १९९७ मध्ये महापौर. वॉर्डाला एक नगरसेवक असणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीत दोनदा चारांचा प्रभाग आला, एकदा मुख्यमंत्री असताना आणि एकदा उपमुख्यमंत्री असताना, याचा हिशेब त्यांच्याकडेच मागितला पाहिजे.

प्रचाराला आलेल्या कार्यकर्त्यांनी सांगितले की अमुक पक्षाला मत दिले नाही तर लाडक्या बहिणीचे पैसे बंद होतील. हे खरे आहे काय? – एक वाचक भगिनी, पाचपावली

नाही. ही योजना राज्य शासनाची आहे, जुलै २०२४ पासून दरमहा १,५०० रुपये राज्याच्या तिजोरीतून थेट बँक खात्यात जमा होतात आणि महापालिकेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. नगरसेवक कोणत्याही पक्षाचा निवडून आला तरी त्याला हे पैसे सुरू करता येत नाहीत आणि थांबवताही येत नाहीत. आपण कोणाला मत दिले हे कोणालाही कळू शकत नाही. वास्तविक त्या कार्यकर्त्यांना आपण उलट विचारायला हवे होते, की २०२४ च्या जाहीरनाम्यात महायुतीने सांगितलेल्या २,१०० रुपयांचे काय झाले आणि महाविकास आघाडीने ३,००० कोठून दिले असते. परंतु तो प्रश्न विधानसभेचा आहे. पाचपावलीतील नाल्याचा प्रश्न या निवडणुकीचा.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन यंदा आठवड्यातच आटोपले. विदर्भाच्या प्रश्नांवर बोलणार कोण? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

८ ते १४ डिसेंबर २०२५ एवढेच अधिवेशन झाले आणि कारण म्हणून याच निवडणुकांचे नाव सांगण्यात आले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात शासनाने ठरावीक काळ नागपुरात यावे आणि वर्षातून किमान एक अधिवेशन येथे घ्यावे असे म्हटले आहे. आठवडाभराच्या मुक्कामाने कराराचे अक्षर पाळले जाते, हेतू पाळला जात नाही.

यंदाची अधिक गंभीर बाब अशी, की दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. विधानसभेत २०२४ च्या निकालानंतर शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे २०, काँग्रेसकडे १६ आणि शरद पवार गटाकडे १० जागा आल्या; एकदशांश म्हणजे २९ चा आकडा कोणीही गाठला नाही, म्हणून ते पद रिकामे ठेवले गेले. विधान परिषदेतील पद ऑगस्ट २०२५ मध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपल्यावर मोकळे झाले. २३० हून अधिक आमदार पाठीशी असलेल्या सरकारला एका विरोधी पक्षनेत्याचे भय वाटण्याचे कारण दिसत नाही. विरोधकांनीही विदर्भापुरता आत्मपरीक्षणाचा प्रयत्न केलेला नाही. जून २०२४ च्या निकालात विदर्भातील लोकसभेच्या दहापैकी सात जागा जिंकणाऱ्या आघाडीची सहा महिन्यांत अशी वाताहत का झाली, याचे उत्तर केवळ मतदारयाद्यांतील घोळात शोधून चालणार नाही. जागावाटपात घालवलेले आठवडेही त्यात मोजावे लागतील. दरम्यान, विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ते पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला, मंडळ मात्र २०२५ अखेरपर्यंत आलेले नव्हते. त्यामुळे अनुशेषाची, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या तुटीची, अधिकृत मोजणी करणारी यंत्रणाच विदर्भाकडे उरली नाही.

चारही मते एकाच पक्षाला द्यावी लागतात का? आणि कोणीच पसंत नसेल तर? – एक वाचक, नंदनवन

एकाच पक्षाला देण्याचे बंधन नाही. अ, ब, क आणि ड या चार स्वतंत्र जागा आहेत. प्रत्येक जागेसाठी एक, अशी चार मते आपल्याला द्यायची असतात आणि ती चार वेगवेगळ्या पक्षांच्या किंवा अपक्ष उमेदवारांना देता येतात. पॅनेलच्या पत्रकावर छापलेला क्रम हा पक्षाचा आग्रह आहे, नियम नव्हे. एखाद्या जागेवर कोणीच योग्य वाटत नसेल तर त्या जागेपुरता ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) हा पर्याय वापरता येतो. यंदा कल्याण-डोंबिवली, जळगाव आदी ठिकाणी अनेक उमेदवार मतदानापूर्वीच बिनविरोध निवडून आल्याने तेथील मतदारांना ती संधीही त्या जागांपुरती मिळणार नाही. या निवडणुकीत मतदान यंत्राला मतपावतीची जोड नसते, त्यामुळे एकेका जागेवरील बटण दाबल्यावर दिवा लागल्याची खात्री करून घ्यावी आणि चारही मते नोंदल्याशिवाय यंत्रापासून दूर होऊ नये. मतदारयादीत आपल्या नावापुढे दुबार नावाची खूण असेल, तर ओळखपत्र घेऊन जावे आणि केंद्रावर हमीपत्र भरून देण्याची तयारी ठेवावी.