कुंभासाठी फ्लॅट घ्यावा का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, पगार हातात ८५ हजार. राहत्या घराचा १४ हजारांचा हप्ता चालू आहे. म्हसरूळकडे ४५ लाखांचा टू बीएचके बघितलाय. एजंट म्हणतो कुंभात एका रात्रीचे दहा हजार कुठे गेले नाहीत, आणि नंतर त्र्यंबक-शिर्डीवाले बारा महिने असतातच, एअरबीएनबीला टाकला की हप्ता त्याचा तोच फिटेल. बँक ३६ लाख द्यायला तयार आहे. नऊ लाखांची एफडी मोडू आणि वरच्या खर्चाला सोनं ठेवू असं चाललंय. सासूबाईंचा साफ विरोध आहे. काय करावं?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, माझं मत सासूबाईंच्या बाजूने आहे, पण आकडे मांडून बघू म्हणजे घरात वाद न होता ठरेल.

आधी नाशिकच्या कुंभाचं. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि समारोप २४ जुलै २०२८ ला, त्यामुळे एजंट लोक पावणेदोन वर्षांचा सीझन म्हणून सांगतात. पण तुडुंब गर्दी असते ती अमृत स्नानांना, म्हणजे २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७, त्र्यंबकला शेवटचं १२ ला. मागचे पुढचे दिवस धरून वीस रात्री दहा हजारांनी गेल्या असं अगदी मोकळ्या हाताने धरलं तरी दोन लाख झाले, आणि त्यातून तुमचे साधारण सहा हप्ते निघतील. वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते असतात २४०. बाकीच्या २३४ हप्त्यांचं काय हे एजंटला विचारा.

शिवाय २०१५ आठवा, पर्वणीच्या दिवशी बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या पार्किंगलाच अडवल्या होत्या आणि माणसं सामान डोक्यावर घेऊन चालत होती. दहा हजार भरलेला गेस्ट आडगावहून फोन करणार की मला आत सोडत नाहीत, पैसे परत द्या, तेव्हा काय करायचं हे आत्ताच ठरवून ठेवावं लागतं. आणि हे सगळं भर पावसाळ्यात. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावर अख्खं नाशिक पुराचा अंदाज बांधतं, २००८, २०१६, २०१९ ला काय झालं ते पंचवटीवाल्यांना विचारा. म्हसरूळ नदीपासून लांब आहे म्हणून ठीक, पण जे कोणी रामकुंडाजवळ स्वस्तातला जुना फ्लॅट बघतायत त्यांनी तो निळ्या पूररेषेत, म्हणजे पुराच्या धोक्याचा म्हणून नकाशावर आखलेल्या पट्ट्यात, येतो का हे महापालिकेत जाऊन बघितल्याशिवाय टोकन देऊ नये.

आता साध्या महिन्याचा हिशोब करू, कारण कर्ज त्याच्यावर फेडायचंय. ३६ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता येतो ३१,२४० च्या आसपास. मेंटेनन्स, लाईट बिल, वायफाय, आज गीझर गेला उद्या नळ गळतोय असं सगळं मिळून महिन्याला सात हजार धरा. रात्रीचे अडीच हजार घेतले तर त्यातून प्लॅटफॉर्मचं कमिशन, सफाईवाल्या मावशी आणि चादरी-टॉवेलची धुलाई जाऊन हातात साडेसतराशे पडतील असं समजू. म्हणजे हप्ता आणि खर्च निघायला महिन्याला २२ रात्री भरायला हव्यात, आणि त्या दर महिन्याला, जूनमध्ये शाळा उघडल्यावरही आणि परीक्षेच्या मार्चमध्येही. नाशिकला गर्दी शनिवार-रविवारची असते, त्यातही वाईनरी आणि गंगापूर धरणाच्या ओढीने येणारा मुंबईकर तिकडेच राहतो, म्हसरूळला कशाला येईल? १२ रात्री भरल्या तर खर्च जाऊन १४ हजार उरतात. तो फ्लॅट एखाद्या नोकरीवाल्या कुटुंबाला महिन्याच्या भाड्याने दिला आणि भाडं १४ हजार धरलं तर तेवढेच मिळतात, आणि रात्री दोनला सीबीएस बसस्टँडवरून कोणी किल्लीसाठी फोन करत नाही की ऑगस्टच्या ओल्या हवेत चादरी वाळत नाहीत म्हणून तुम्हाला गॅलरीत पंखा लावून बसावं लागत नाही.

म्हणून मी नेहमी एकच कसोटी सांगते, फ्लॅट साध्या महिन्याच्या भाड्यावर गेला असं धरा आणि हप्त्यातला उरलेला भाग पगारातून निघतो का ते बघा. तुमच्या बाबतीत उरतात १७ हजार, जुन्या घराचे १४ धरून ३१ हजार. ओढाताण करून निघतीलही. पण तोपर्यंत एफडी मोडलेली आणि सोनं बँकेत, मग मिस्टरांच्या कंपनीत दोन महिने काम बंद पडलं तर कुठून आणणार? आणि नऊ लाखात भागत नाही बरं का. स्टॅम्प ड्यूटी ६ टक्के म्हणजे २ लाख ७० हजार (तुमच्या एकटीच्या नावावर घेतलात तर एक टक्का कमी), रजिस्ट्रेशन ३० हजार, आणि दोन एसी, गाद्या, इन्व्हर्टर, फ्रीज, पडदे करता करता साडेतीन लाख सहज जातात. ड्यूटी-रजिस्ट्रेशनचा खर्च बँक कर्जात धरत नाही. म्हणजे घरातून साडेपंधरा लाख लागणार. सोनेतारण बहुतेक वर्षभराचं असतं, मुद्दल एकदम भरायची वेळ येते, वीस वर्षांच्या मालमत्तेसाठी एक वर्षाचं कर्ज उचलू नका ही माझी कळकळीची विनंती आहे, यात दागिने जातात.

"कुंभ झाला की विकून टाकू" असंही बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. २४ महिन्यांच्या आत विकला तर नफा तुमच्या स्लॅबने टॅक्सला जातो, ड्यूटीचे पैसे परत येत नाहीत, आणि २०२८ मध्ये हाच विचार केलेले सगळेच विकायला काढणार तेव्हा भाव कोण देणार. बिल्डिंग अजून चालू असेल तर महारेरावर पझेशनची तारीख बघा, ती ऑगस्ट २०२७ च्या पुढे सरकली तर कुंभाचा विषयच संपला.

हा फ्लॅट घेऊ नका. करायचंच असेल तर राहत्या घरातली एक खोली पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदवून सुरुवात करा. महिलांसाठी शासनाची 'आई' योजना आहे, पर्यटनाच्या व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतं, सात वर्षं किंवा साडेचार लाख होईपर्यंत. व्यवसाय तुमच्या नावाचा आणि तुम्हीच चालवणारा हवा. गेस्ट सांभाळणं जमतंय का, आवडतंय का, हे वर्षभरात कळेल, एफडी जागेवर राहील आणि मला वाटतं सासूबाई न्याहारीला मदतही करतील.

प्रश्न : गिरणाऱ्याजवळ आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. दोन खोल्या बांधून पर्यटकांना द्यायच्या आहेत. सोसायटीचं कर्ज आहे. बँकेचं कर्ज मिळेल का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : दादा, तुमच्याकडे जमीन स्वतःची आहे हे निम्मं काम झालं, बाहेरून येऊन धरणाजवळ सामाईक सातबाऱ्यावर चार-पाच गुंठे घेणाऱ्यांपेक्षा तुमचं बरं. पण सातबाऱ्यावर विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा असेल तर दुसरी बँक आधी तोच बघणार, तो फेडून किंवा ना हरकत घेऊनच पुढे जा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे, किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला त्यात नोंदणी करता येते, ते प्रमाणपत्र हातात असलं की बँकेत बोलायला जोर येतो. तारण देताना तिन्ही एकर देऊ नका, खोल्यांपुरता वेगळा गट किंवा हिस्सा होत असेल तर तेवढाच द्या. बागेत गारपीट आणि अवकाळी तुम्ही दरवर्षी बघताय, ज्या वर्षी बाग जाते त्या वर्षी हप्ता खोल्यांनीच भरायचाय, त्यामुळे पहिल्यांदा एकच खोली बांधा, पण संडास-बाथरूम उत्तम करा. शहरातला माणूस हुरडा, मिसळ, बाग सगळ्याला खूश होतो आणि बाथरूमवरून वाईट रिव्ह्यू टाकतो.

प्रश्न : कॉलेज रोडला आईचा फ्लॅट रिकामा आहे, कर्ज नाही. रोजच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली तर सोसायटीचे चेअरमन म्हणतात बंद करा. त्यांना अधिकार आहे का?
— एक वाचक, सध्या पुण्यात

उत्तर : सोसायटीचे उपविधी (नियमावली) आणि मागच्या सभांचे ठराव मागवून वाचा, त्यात काय आहे त्यावर बरंच ठरतं. पण रहिवासी वापराच्या फ्लॅटमध्ये रोज नवीन माणसं बॅगा घेऊन येणार हे शेजारच्यांना नको वाटलं तर त्यांचं चुकत नाही, तिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं राहतात. लेखी परवानगी मागा, प्रत्येक गेस्टचं ओळखपत्र ठेवीन, वॉचमनला यादी देईन, रात्री दहानंतर गच्चीवर कोणी जाणार नाही असं स्वतःहून लिहून द्या. पोलिस स्टेशनला माहिती द्या, परदेशी गेस्ट असेल तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरणं बंधनकारक आहे, ते विसरलात तर प्रकरण चेअरमनच्या हातात राहत नाही. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल तर प्लॅटफॉर्मवरच्या बुकिंगचा तो प्लॅटफॉर्मच भरतो, थेट फोनवरून आलेल्या बुकिंगचा हिशोब मात्र वेगळा ठेवा. सफाई, नाश्ता देत असाल तर उत्पन्न घरभाडं न धरता व्यवसायाचं धरलं जाऊ शकतं, सीएला पहिल्याच वर्षी विचारा. भाडेकरू ठेवलात तर नॉन ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, तेवढं चेअरमनना दाखवायला शासन निर्णयाची प्रत जवळ ठेवा, तो १ ऑगस्ट २००१ चा आहे. आणि तुम्ही पुण्यात, फ्लॅट नाशिकला, तर नळ फुटला की दहा मिनिटांत पोचेल असा माणूस तिथे पगारावर हवा. तो मिळत नसेल तर अकरा महिन्यांचा करार करून साधा भाडेकरूच ठेवा.