'बाह्यता' म्हणजे कशाच्या बाहेर?

प्रश्न असा आला आहे: 'अर्थशास्त्रातल्या एक्स्टर्नालिटीला मराठीत बाह्यता म्हणतात. भाषांतरात मी "नदीत सोडलेले सांडपाणी ही नकारात्मक बाह्यता आहे" असं लिहिलं, पण घरात कुणालाच कळलं नाही. त्याऐवजी दुष्परिणाम चालेल का?'

दुष्परिणाम नको. औषधाचा दुष्परिणाम गोळी घेणाऱ्यालाच होतो. इथे गोळी एकाने घ्यायची आणि पुरळ शेजाऱ्याच्या अंगावर, असा मामला आहे. 'खाई त्याला खवखवे' ही म्हण इथे लागू पडत नाही, हीच तर सगळी तक्रार! शिवाय एक्स्टर्नालिटी चांगलीही असू शकते. 'चांगला दुष्परिणाम' कसं म्हणणार?

'बाह्यता' हा शब्द चुकीचा नाही, मुका आहे. कशाच्या बाहेर ते तो सांगत नाही. कारखान्याच्या कुंपणाबाहेर असा अर्थ नव्हे. बाहेर म्हणजे हिशेबाबाहेर. विकणारा आणि घेणारा यांनी जी किंमत ठरवली, तिच्यात तिसऱ्याचं नुकसान (किंवा फायदा) धरलेलंच नसतं. पाठ्यपुस्तकातल्या 'बाह्य बचती' याच घराण्यातल्या असल्या तरी वेगळ्या: धंदा वाढला की त्यातल्या सगळ्यांनाच स्वस्त पडू लागतं, ते प्रकरण.

ही कल्पना पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली सविस्तर मांडली. त्याचं एक उदाहरण रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांचं आहे. त्यांनी रुळालगतचं रान जळतं, पण त्याची भरपाई रेल्वेच्या खर्चात येत नाही. हे वाचलं की मला 'झळ' आठवते. आग एकाच्या चुलीत, झळ दुसऱ्याला. चपखल शब्द. अडचण एवढीच, की आपण 'महागाईची झळ' असंही म्हणतो, आणि केवळ भाव चढल्यामुळे बसलेला फटका अर्थशास्त्रज्ञ खऱ्या एक्स्टर्नालिटीत धरत नाहीत. तो किमतीतूनच आलेला असतो. पैशांपुरतं बोलायचं तर मराठीत 'भुर्दंड' तयार आहेच. चूक नसताना पडतो तोच भुर्दंड. पिगूचा कर म्हणजे तो भुर्दंड ज्याचा त्याच्या खात्यावर टाकणं.

चांगल्या बाजूसाठी मी 'पाझर' सुचवीन. एखाद्याने पदरमोड करून रानातला ओढा अडवला, तर खालच्या चार विहिरींचं पाणी वाढतं आणि त्या चौघांकडून त्याला दमडी मिळत नाही. म्हणूनच अशी कामं एकेकट्याच्या हातून कमी होतात आणि पाझर तलाव सरकारला बांधावे लागतात. पण पाझर दोन्हीकडून वाहतो, बरं का. उसाला पाटाने भरमसाट पाणी दिलं की सखल भागातल्या शेजाऱ्याची जमीन चिबड, म्हणजे पाणथळ होते, मग मीठफुटी. शिरोळ, वाळवा, मिरज भागात क्षारपड कशाला म्हणतात हे सांगावं लागत नाही.

याच ओघात एक सूचना. गॅरेट हार्डिन या अमेरिकी परिसरशास्त्रज्ञाच्या १९६८च्या 'ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स' या लेखातल्या कुरणाला भाषांतरात 'गायरान' म्हणू नका. फायदा आपला, नुकसान सगळ्यांचं, म्हणून प्रत्येकाने एकेक जनावर वाढवत नेऊन कुरण संपवायचं, हे त्याचं चित्र बेवारस कुरणाचं आहे. गायरान बेवारस नसतं. त्याला गाव असतं, निदान असायचं. सामायिक आणि बेवारस यांतला हाच फरक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणं, जंगलं, पाट अभ्यासून दाखवला आणि त्यांना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. धुळ्याकडे पांझरेच्या बंधाऱ्यांवर फड पद्धतीत पाणी पाळीपाळीने फिरवतात, ते सामायिक.

आता तुमचं वाक्य. सांडपाणी ही मुळात बाह्यता नव्हेच. त्याने खालच्या गावांचं जे नुकसान होतं ती बाह्यता. परीक्षेच्या पुस्तकात 'बाह्यता' ठेवा, शिक्षक तोच शब्द विचारणार. घरच्यांसाठी मी असं लिहीन: 'कारखाना सांडपाणी नदीत सोडतो, त्याचा भुर्दंड खालची गावं भरतात, आणि मालाच्या किमतीत तो कुठेच दिसत नाही.'