'एर वाइस'ला शेवटी 'ट' का नाही?

प्रश्न असा आहे की जर्मनमध्ये 'एर माख्ट' (तो करतो), 'एर लेर्न्ट' (तो शिकतो) असा सगळीकडे 'ट' लागतो, मग 'एर वाइस'मध्ये (त्याला माहीत आहे) तो का गळतो? आणि याचा 'वेद'शी संबंध खरा, की कुणी ठोकून दिलंय?

संबंध खरा आहे. आणि 'ट' गळलेला नाही, तो तिथे नव्हताच. 'वाइस' हे मुळात वर्तमानकाळाचं रूपच नाही.

आद्य इंडो-युरोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मन यांची समान पूर्वज भाषा) धातू *वेय्द्, म्हणजे पाहणे. (शब्दाआधीची तारा म्हणजे लेखी पुरावा नाही, तुलनेने बसवलेलं रूप.) लॅटिन 'विदेरे'त तो अर्थ टिकला. त्याचं पूर्णकाळी रूप *वोय्दे, 'पाहिलंय', म्हणजे आता ठाऊक आहे. त्यातूनच ग्रीक 'ओइदे', गॉथिक (जर्मनची एक जुनी, लुप्त बहीण) 'वाइट' आणि संस्कृत 'वेद' आले. इथे ग्रंथ नाही, क्रियापद धरा. चकार (केलं), ददर्श (पाहिलं) यांच्यासारखं द्वित्व, म्हणजे सुरुवातीच्या अक्षराची पुनरावृत्ती, त्याला नाही आणि अर्थ वर्तमानाचा. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्रच दिलंय, 'विदो लटो वा' (३.४.८३) : लट् (वर्तमानकाळ) असूनही प्रत्यय विकल्पाने लिट्-चे (परोक्ष भूतकाळाचे). म्हणून 'वेत्ति'ही चालतं, 'वेद'ही.

आता रूपं शेजारी ठेवा. अहं वेद, स वेद, वयं विद्म. जर्मनमध्ये इख (मी) वाइस, एर वाइस, वीअर (आम्ही) विसन. प्रथम आणि तृतीय पुरुष सारखे, गुण (धातूतल्या 'इ'चा 'ए' किंवा 'आइ' होणं) फक्त एकवचनात. हे योगायोगाने जमत नाही. जर्मन संस्कृतातून निघाली असं मात्र यावरून म्हणू नका, दोन्हींचं मूळ आणखी मागे आहे.

'द'चा 'ट' झाला तो ग्रिमच्या नियमाने (जर्मानिक भाषांतल्या व्यंजनबदलांचा नियम, १८२२ मध्ये मांडलेला). उच्च जर्मनने (आजची प्रमाण जर्मन जिच्यातून आली) पुढे त्याचा 'स' केला. डच 'वेटन', स्वीडिश 'वेता' यांनी 'ट' राखला. आद्य जर्मानिक (जर्मन, डच, इंग्रजी यांची पूर्वज भाषा) *वितनं (जाणणे) याचा भूतकाळ असा वर्तमानात खर्ची पडल्यावर नवा भूतकाळ घडवावा लागला : जर्मन 'वुस्टं', डच 'विस्ट'. इंग्रजीने क्रियापदच सोडलं, 'विटनेस', 'अनविटिंग' असे काही शब्द उरले.

'एर कान' (तो करू शकतो), 'एर मुस' (त्याला करावंच लागतं), 'एर दार्फ' (त्याला परवानगी आहे) हीसुद्धा याच जातीची, एकत्र पाठ करा. इंग्रजीत 'ही कॅन्स' होत नाही तेही यामुळेच. आणि 'कॅन'चा धातू म्हणजे आपला 'ज्ञा', ज्यातून 'जाणणे' आलं.

'पांढरा' या अर्थाचा 'वाइस' यात ओढू नका. तो 'श्वेत'च्या घराण्यातला.