टेबलावर नीट चालणारा आय-टू-सी सेन्सर वीस मीटर केबलवर का अडखळतो?

आपला प्रश्न असा आहे की, पॉलिहाऊसमधला तापमान व आर्द्रतेचा आय-टू-सी सेन्सर टेबलावर उत्तम चालतो, परंतु वीस मीटर केबल जोडताच चुकीची मापे देतो किंवा मधूनच पूर्ण गप्प होतो. तेव्हा पुल-अप रेझिस्टर बदलून हे सुधारेल का? माझ्या मते सुधारणार नाही, आणि त्यात वेळ घालवण्याऐवजी आपण बसच, म्हणजे चिप्सना एकमेकींशी जोडणारी तारांची पद्धतच, बदलावी.

आय-टू-सी ही बस फिलिप्स कंपनीने 1982 मध्ये टीव्हीसारख्या उपकरणांच्या आतील चिप्स जोडण्यासाठी तयार केली. तिच्या दोन्ही तारा, म्हणजे डेटाची एसडीए आणि क्लॉकची एससीएल, कोणतीही चिप केवळ ग्राउंडकडे ओढू शकते. तार पुन्हा वर नेण्याचे काम एकटा पुल-अप रेझिस्टर करतो. त्यामुळे सिग्नल किती झपाट्याने चढेल हे त्या रेझिस्टरच्या आणि तारेच्या कपॅसिटन्सच्या, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेच्या, गुणाकारावर ठरते. 100 किलोहर्ट्झच्या वेगाला मानकाने बसची कपॅसिटन्स 400 पिकोफॅरडपर्यंत आणि चढण्याचा वेळ 1 मायक्रोसेकंदापर्यंत मर्यादित ठेवला आहे. साध्या केबलची कपॅसिटन्स दर मीटरला साधारण 50 ते 100 पिकोफॅरड असते, म्हणजे आपल्या वीस मीटरला ती किमान 1000 पिकोफॅरड धरावी लागेल. 4.7 किलोओहमचा रेझिस्टर असेल तर चढायला सुमारे 4 मायक्रोसेकंद लागतात, जे मर्यादेच्या चौपट आहे. रेझिस्टर हवा तितका कमी करता येत नाही, कारण चिपने 3 मिलिअँपिअर प्रवाह ओढण्याचीच हमी मानक देते. 5 व्होल्टला ही मर्यादा सुमारे 1.5 किलोओहमवर येते आणि तरीही चढण्याचा वेळ 1 मायक्रोसेकंदाच्या वरच राहतो.

क्लॉक 10 किलोहर्ट्झवर आणल्यास मापे येऊ लागतील, हे खरे आहे. पण पंपाची किंवा पंख्याची मोटर सुरू होताच एखादा क्लॉकचा ठोका चुकला, तर सेन्सर डेटाची तार खाली धरून बसतो आणि संपूर्ण बस अडते. नऊ क्लॉक पल्स देऊन तो बहुधा सुटतो. मात्र पिकाचे पाणी ज्या मापावर ठरते ते अशा उपायावर सोडणे मला योग्य वाटत नाही.

आपल्या कामासाठी आरएस-485 ही लांब अंतराची बसच योग्य निवड आहे. तिच्यात सिग्नल पिळलेल्या दोन तारांमधील व्होल्टेजच्या फरकातून वाचला जातो, त्यामुळे दोन्ही तारांवर सारखाच आलेला गोंगाट बराचसा वजा होतो. कमी वेगावर सुमारे 1200 मीटर अंतर ती पेलते. मॉडबस आरटीयू (अशा बसवरून संदेश पाठवण्याची एक ठरलेली पद्धत) बोलणारा तयार सेन्सर घ्यावा, किंवा सेन्सरशेजारीच छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवून आय-टू-सी काही सेंटीमीटरपुरती मर्यादित करावी व पुढे आरएस-485 ट्रान्सीव्हर, म्हणजे सिग्नल पाठवणारी व घेणारी चिप, लावावा. केबल एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे सलग न्यावी, मधून फाटे फोडू नयेत, 120 ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना लावावेत आणि ग्राउंडची तिसरी तारही सोबत न्यावी. प्रोग्रॅम स्वतः लिहिणार असाल, तर शेवटचा बाइट शेवटच्या बिटापर्यंत बाहेर पडल्याशिवाय ट्रान्सीव्हरची पाठवण्याची पिन बंद करू नका. नाहीतर शेवटचा बाइट तुटून मॉडबसची सीआरसी तपासणी (संदेशातील चूक ओळखणारी) फसते आणि दोष मात्र केबलचा वाटतो.