माळावरचा ले-आऊट आणि घोरपडीचे बीळ

प्रश्न : सोलापुरात होटगी रस्त्याच्या बाजूला आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. निम्मी जमीन खडकाळ माळ असून एका कडेने ओढा जातो. जिरायतीत हाती काही लागत नाही, म्हणून आम्ही भावांनी ती बिनशेती करून ले-आऊट पाडायचे ठरवले आहे. ओढ्याच्या बांधावर दोन मोठी वारुळे आणि जुन्या दगडांचा ढीग आहे. तेथे दरवर्षी घोरपड दिसते. मध्यस्थ म्हणतात की, दिवाळीपूर्वी जेसीबी लावून सगळे सपाट करून घ्या, नंतर कोणी विचारत नाही. आम्हाला मात्र त्या जिवाला गाडून प्लॉट विकायचे नाहीत. कायदा काय सांगतो? घोरपडीमुळे आमचे काम अडेल का?

उत्तर : आपले काम अडण्याचे कारण नाही. मात्र मध्यस्थांनी सुचवलेली वेळही चुकीची आहे आणि पद्धतही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण मिळते तेच तिलाही मिळते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तरी घोरपडीचे स्थान बदलले नाही. कलम ९ नुसार शिकारीला मनाई आहे, आणि येथेच पुष्कळ जमीनमालकांची गल्लत होते. बंदूक किंवा फासा लावला तरच शिकार होते, असे नाही. कलम २ मधील व्याख्येप्रमाणे सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी फोडणे, तसेच त्याची अंडी किंवा घरटे विस्कटणे हीसुद्धा शिकारच ठरते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. जमीन आपल्या नावावर असल्याने यात काही सूट मिळत नाही.

आता दिवाळीपूर्वीच्या मुहूर्ताविषयी. घोरपडीची मादी पावसाळ्यात अंडी घालते, साधारण वीस ते तीस. त्यासाठी ती मऊ जमिनीत खड्डा करते किंवा वारूळ उकरते, कारण वारुळाच्या आत ऊब आणि ओलावा बराच काळ टिकून राहतो. अंडी घातल्यावर ती माती लोटून तोंड बुजवते आणि आजूबाजूला आणखी काही ठिकाणी जमीन उकरून ठेवते. खरी जागा कोणती हे खोकड-मुंगसालाही कळू नये, असा तो बंदोबस्त असतो. माणसालाही ती जागा ओळखता येत नाही. उकरलेल्या मातीचे दोन-चार पट्टे आणि त्यांच्यामधून गेलेली शेपटीची सरळ रेघ, एवढेच काय ते दिसते, आणि तेही एका सरीने पुसून जाते. या अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साडेपाच ते आठ महिने लागतात. म्हणजे दिवाळीच्या सुमारास बीळ रिकामे वाटले, घोरपड कोठे दिसली नाही, तरी त्या बांधात पुढच्या पिढीची सगळी अंडी असू शकतात. त्यानंतर थंडी पडली की मोठ्या घोरपडीही मंदावतात आणि बिळातून फारशा बाहेर पडत नाहीत, म्हणून यंत्राचा आवाज ऐकून त्या पळून जातील हा भरवसा हिवाळ्यात धरता येत नाही.

म्हणून सपाटीकरण करायचेच असेल तर मे महिन्याच्या उत्तरार्धात, मृगाच्या आधी करावे. तोपर्यंत बहुतेक अंडी फुटलेली असतात, नवी घातलेली नसतात आणि घोरपडी चपळ असतात. तरीही वारुळे, दगडांचा ढीग आणि ओढ्याचा बांध यांना त्या वेळीसुद्धा हात लावू नये. काम सुरू होण्यापूर्वी दोन-तीन दिवस सकाळचे ऊन चढल्यावर एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन जमीन पायी फिरून पाहावी आणि दिसतील ती बिळे चुन्याने आखून घ्यावीत. यंत्र चालवणाऱ्याला त्या खुणा प्रत्यक्ष जागेवर नेऊन दाखवाव्यात, कारण कागदावरच्या सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

परंतु माझ्या मते घोरपडीचा खरा निकाल यंत्र येण्याच्या पुष्कळ आधी, नकाशावरच लागतो. आपली जमीन तीन एकर म्हणजे १२० गुंठे आहे. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तिच्यानुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मनोरंजनाची मोकळी जागा म्हणून ठेवावी लागते. म्हणजे सुमारे १२ गुंठे आपल्याला असेही विकता येणार नाहीत. ओढ्याच्या काठापासून बांधकामासाठी अंतर सोडावे लागते ते वेगळेच. बहुतेक ले-आऊटमध्ये ही मोकळी जागा ज्या कोपऱ्यात प्लॉट नीट बसत नाहीत तेथे टाकली जाते आणि तिच्यावर पुढे फरश्या आणि घसरगुंडी येते. आपल्या वास्तुविशारदाला एवढेच सांगावे की, मोकळी जागा ओढ्याला लागून, वारुळे आणि दगड आत घेऊन आखा; तिचा थोडा भाग मुलांना खेळायला सपाट ठेवा आणि उरलेली जागा बोर, बाभूळ, तरवड, कुसळी गवतासह आहे तशी राहू द्या. आपला एकही प्लॉट यात कमी होत नाही.

बिळापासून किती अंतर सोडावे, याचा आकडा आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात गोफर नावाचे बिळे करणारे कासव आहे. त्याच्या बिळापासून २५ फुटांच्या आत काम करायचे झाल्यास परवाना काढून आधी कासव हलवावे लागते. त्याच राज्यात २००७ पर्यंत बांधकाम करणाऱ्याने ठरावीक रक्कम भरली की कासव बिळातच गाडण्याची मुभा मिळत असे आणि ती रक्कम दुसरीकडे अधिवास विकत घेण्यासाठी वापरली जाई. लोकांना ते सहन झाले नाही आणि ती पद्धत बंद पडली. घोरपड कासवापेक्षा पुष्कळ फिरणारी आहे, त्यामुळे तिला २५ फुटांत बांधून ठेवता येणार नाही. तरी बीळ आणि वारूळ यांच्याभोवती निदान तेवढी माती कोणी उकरू नये, हा व्यवहारात पाळता येण्यासारखा नियम आहे.

आणखी दोन गोष्टी, ज्या खर्चिक नाहीत पण नेहमी राहून जातात. पायाचे खड्डे आणि पाण्याचे हौद रात्रभर उघडे राहिले तर त्यात घोरपड, साप, बेडूक पडतात आणि गुळगुळीत कडेवरून त्यांना वर येता येत नाही. खड्ड्यात एक खडबडीत फळी तिरकी टाकून ठेवावी. तसेच ओढ्याच्या बाजूचे कंपाउंड पूर्ण बंद न करता तळाशी जागोजागी वीतभर फट ठेवावी.

मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते, पण २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ही अट २०,००० चौरस मीटर आणि त्याहून अधिक बांधकामाला आहे. आपल्यासारखे छोटे ले-आऊट त्या चाळणीत येतच नाहीत, आणि शहर मात्र बहुतांशी अशाच छोट्या ले-आऊटनी वाढते. त्यामुळे होटगी, सोरेगाव, बाळे, कुंभारी या बाजूच्या माळांचे पुढे काय होणार, हे पुष्कळसे आपल्यासारख्या मालकांच्या हाती आहे. आपण हा प्रश्न विचारलात याचे मला फार मोल वाटते.

प्रश्न : आमची जमीन उत्तर सोलापूर तालुक्यात आहे. माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याच्या नावाखाली या भागातील लोकांनी अनेक वर्षे त्रास काढला. आता घोरपडीच्या निमित्ताने पुन्हा खरेदी-विक्री आणि बांधकाम बंद होईल, अशी गावात चर्चा आहे. यात तथ्य आहे का?

उत्तर : नाही. एखाद्या जमिनीवर संरक्षित प्राणी आढळला म्हणून ती जमीन अभयारण्य होत नाही. त्यासाठी शासनाला रीतसर अधिसूचना काढावी लागते आणि हक्कांची चौकशी करावी लागते. घोरपड तर जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहे. धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत (आययूसीएन) ती 'संकटसमीप' गटात मोडते, म्हणजे आज ती नामशेष होण्याच्या काठावर नाही. मांस, कातडे आणि 'हत्ताजोडी' नावाने (नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय वनस्पतीचे मूळ म्हणून विकण्याचा) चालणारा भोंदू व्यापार यांपायी आणि माळ संपत चालल्याने तिची संख्या घटत आहे.

लोकांच्या मनातील भीती मात्र निराधार नाही. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचे क्षेत्र सुरुवातीला सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, बाजारपेठा असे सगळेच आले. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. मधल्या काळात साध्या घरासाठीही माणसांना खेटे घालावे लागले, पक्ष्याविषयी कटुता वाढली आणि तरीही माळढोक वाढला नाही. नकाशावर मोठी रेघ ओढण्यापेक्षा प्रत्यक्ष गवत, वारूळ, ओढा वाचवणे अधिक उपयोगाचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या या शहरात घराची निकड किती आहे, हे कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत आणि तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प यांवरून कोणालाही दिसते. घरे हवीतच; ती कोठे आणि कशी आखायची, एवढाच विचार करायचा आहे.

आपली जमीन अभयारण्यात किंवा त्याभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात असेल तर तेथील बांधकामाचे नियम वेगळे आहेत. आपला गट क्रमांक त्यात येतो का, याची उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे.

प्रश्न : जुळे सोलापुरातील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा घोरपड आली. शेजारचा मोकळा प्लॉट नुकताच साफ झाला आहे. एक ओळखीचे सर्पमित्र तिला पकडून सिद्धेश्वर वनविहारात सोडायला तयार आहेत. सोडावी का?

उत्तर : परस्पर पकडू नये आणि सोडूही नये. पकडणे हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या स्थलांतरासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. वन विभागाच्या १९२६ या नि:शुल्क क्रमांकावर कळवावे.

यामागे नुसता कायदा नाही. घोरपडीला आपल्या परिसरातील प्रत्येक बीळ, दगड आणि झाडाची ढोली माहीत असते; अनोळखी जागी सोडली की ती आसरा आणि जुनी जागा शोधत भटकते, आणि त्या भटकंतीत तिला कुत्री गाठतात किंवा गाडीखाली येते. शिवाय वनविहारात आधीच घोरपडी असतील तर नवीला तेथे शांतपणे राहू देतील असे नाही.

ती विषारी नाही. कोंडीत सापडली तर चावते, शेपटीचा फटका मारते, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि जिकडून आली तिकडची वाट मोकळी करून द्यावी. ती आपल्याकडे उंदीर, विंचू, किडे शोधत येते. पार्किंगमध्ये उंदरांसाठी विषाच्या वड्या ठेवल्या असतील तर त्या आजच काढाव्यात, कारण विष खाल्लेला उंदीर तिने खाल्ला तर ते विष तिच्याही पोटात जाते. त्याऐवजी पिंजरे लावावेत आणि कचऱ्याचे डबे झाकून ठेवावेत. शेजारच्या प्लॉटवर अजून वारूळ शिल्लक असेल, तर पाया खणायला सुरुवात होण्यापूर्वी त्या मालकाला भेटून या सदरातील पहिले उत्तर वाचायला द्यावे.