कृषी सल्ला : सगळ्या कामांसाठी मध्यम चेनसॉ कोणता घ्यावा?

प्रश्न : बागेतली फांदीतोड, बांधावरची झाडे, वादळात आडवी झालेली खोडे आणि सरपण, सगळ्याला मिळून एकच चेनसॉ घ्यायचा आहे. विक्रेता 58 सीसी आणि 22 इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) घ्या म्हणतो. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नका. या कामांना 45 ते 50 सीसीचे मशीन आणि 16 इंची बार पुरतो. जाड खोडे वरचेवर येत असतील तर 18 इंची, त्यापुढे नाही. 16 इंच म्हणजे 40 सेंटिमीटर. त्याहून जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापता येतो, आणि असा बुंधा वर्षातून किती वेळा समोर येतो ते तुम्हालाच ठाऊक. बाकीचे दिवस फांद्याच कापायच्या असतात. लांब बारचे ओझे मात्र त्या सगळ्या दिवशी तुमच्याच हातावर.

लांब बार काउंटरवर रुबाबदार दिसतो, म्हणून तो पुढे केला जातो. शेतात काय होते ते मी सांगतो. पॉइंट 325 पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधले अंतर, इंचात) चेनला 16 इंची बारवर साधारण 33 दाते असतात, 22 इंचीवर 43. तेवढ्याच इंजिनाने दहा दाते जादा ओढायचे. बार खोडात पूर्ण शिरला की चेन रेंगाळते, क्लच घसरून तापतो आणि लहान ऑइल पंपाचे तेल टोकापर्यंत पुरत नाही. महिन्याभरात बारचे टोक निळे पडलेले दिसते. त्याहून वाईट म्हणजे बारचे टोक नजरेआड राहते. टोकाचा वरचा कोपरा मागच्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकला, की मशीन उसळून थेट तोंडाकडे येते. हाच किकबॅक. तो थोपवायला तुम्हाला वेळ मिळत नाही.

सीसीच्या आकड्याला भुलू नका. स्टिकरवर आकडा मोठा छापायला काही लागत नाही. किलोवॅट बघा. मोजमाप कळावे म्हणून दोन उदाहरणे देतो, ही शिफारस नव्हे : स्टिल एमएस 250 हे मशीन 45.4 सीसीचे आहे आणि 2.3 किलोवॅट देते; हुस्कवर्ना 450 हे 50.2 सीसीचे, 2.4 किलोवॅट. साधारण 2.2 ते 2.8 किलोवॅट हा तुमचा पट्टा. ज्या मशीनवर 58 ठळक आहे पण किलोवॅट कुठेच लिहिलेले नाही, ते दुकानातच राहू द्या.

वजनातही फसवणूक होते. पत्रकावरचे पाच किलो हे बहुतेक वेळा बार, चेन, पेट्रोल आणि तेल सोडून असते. सगळे भरले की मशीन सात किलोच्या आसपास जाते. विकत घेण्याआधी भरलेले मशीन हातात धरून दहा मिनिटे उभे राहा. विक्रेत्याला घाई असेल तर असू द्या.

चेन जागीच थांबवणारा चेन ब्रेक झटक्यानेही लागतो का, तुटलेली चेन अडवणारा चेन कॅचर आहे का, हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबर आहे का, एवढे तपासा. चेन, बार, स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) आणि एअर फिल्टर कुठे मिळतील ते विचारा. ‘मिळतील की’ हे उत्तर धरू नका, भाग डोळ्यांनी बघा. बारवर पिच, गेज (खाचेची रुंदी) आणि ड्राइव्ह लिंकची (खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या कोरलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. पुढे चेन घेताना ‘हीच बसते’ म्हणून तीन-अष्टमांश पिचची चेन पॉइंट 325 च्या स्प्रॉकेटवर चढवून देणारे भेटतात. ती नीट बसत नाही, स्प्रॉकेट खाते आणि उतरते.

आणखी एक खेळ ओळखून ठेवा. दुकानात मशीन चालू करून कार्ब्युरेटरचा एच स्क्रू आवळतात, आवाज टिपेला जातो आणि ग्राहक खूश होतो. स्क्रू आवळला म्हणजे पेट्रोल कमी झाले, आणि टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातूनच येते, म्हणजे तेलही कमी झाले. असे मशीन हंगामभरात पिस्टन जाम करते. लाकडात न घालता पूर्ण थ्रॉटलवर किंचाळवणाऱ्याला तिथेच थांबवा. नव्या मशीनच्या पहिल्या काही टाक्या तर अजिबात तसे करायचे नाही.

प्रश्न : नवे मशीन तापते, धूर काढते आणि ताकद धरत नाही. विक्रेत्याने पेट्रोलात तेल दुप्पट घालायला सांगितले आहे.

उत्तर : घालू नका. खतासारखीच इथेही जास्त म्हणजे चांगले ही समजूत नडते. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिले असेल तर एक लिटर पेट्रोलला 20 मिली तेल, 25 ला 1 असेल तर 40 मिली. मापाने घाला, झाकणाच्या अंदाजाने नाही. तेल वाढवले की त्याच थेंबात पेट्रोल कमी होते, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि इंजिन उलट जास्त तापते. वर प्लग काळा होतो, सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते आणि ताकद अजून घटते. मग तोच विक्रेता कार्ब्युरेटर बदलायला सांगतो. तेल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचेच हवे. चारचाकीचे इंजिन ऑइल घालू नका. बोटीच्या इंजिनाचेही नको. महिन्याहून जुने मिश्रण टाकीत ओतू नका. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओल धरते.

बारला वापरलेले काळे ऑइल घालायचा सल्लाही सर्रास दिला जातो, फुकट असते म्हणून. त्यात धातूचा चुरा असतो, पंप आणि बार दोन्ही झिजतात, आणि तेच ऑइल तुमच्या अंगावर व मातीवर उडते. चिकट बार ऑइलच घ्या. एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत ऑइलची टाकीही जवळजवळ रिकामी व्हायला हवी. ऑइल तसेच शिल्लक दिसले तर आधी बारचे छिद्र बुजले आहे का बघा.

तापण्याचे खरे कारण दहातल्या बहुतेक तक्रारींत एकच निघते : बोथट चेन. त्यानंतर भुशाने बुजलेला फिल्टर आणि सिलिंडरच्या पाकळ्या. भुसा बघा. जाड कपचे पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडतोय आणि मशीन दाबावे लागतेय, तर थांबा. दाबू नका. मोठे मशीन तर अजिबात घेऊ नका, ते बोथट चेनने तेवढेच बोथट कापेल.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : प्रत्येक टाकी भरताना कानस चालवा. पॉइंट 325 ला 4.8 मिलिमीटरची गोल कानस, तीन-अष्टमांश लो-प्रोफाइलला 4 मिलिमीटरची. साधारण 30 अंशांचा कोन, आतून बाहेर, फक्त पुढे जाताना दाब, प्रत्येक दात्याला दोन-तीनच हात, सगळ्यांना सारखेच. पाच मिनिटांचे काम आहे. ‘चेन आणून द्या, ग्राइंडरवर लावून देतो’ या मोहात पडू नका. घाईने लावलेला दाता निळा पडतो, मऊ होतो आणि अर्ध्या दिवसात धार जाते. काही धारांनंतर डेप्थ गेज (दात्यापुढचा उंचवटा) चपट्या कानशीने दात्याच्या धारेपेक्षा पॉइंट 65 मिलिमीटर खाली आणा. त्याहून खाली नेलात तर चेन लाकूड ओरबाडते आणि किकबॅक वाढतो. इथेही तेच, जास्त घासले म्हणजे जास्त कापेल असे नाही. बार मधूनमधून उलटा करून बसवा.

चेन गार असताना ताणा. तापलेली चेन कापता कापता सैल पडली म्हणून आवळली असेल, तर काम संपताच पुन्हा सैल करा. गार होताना ती आकसते आणि बार व क्रँक दोन्ही ओढते. तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका, आणि ओतलेल्या जागेपासून तीन मीटर दूर जाऊन मगच चालू करा. खांद्याच्या वर, शिडीवर किंवा एका हाताने कापू नका. वादळात पडलेले खोड ताणात असते. दाबलेल्या बाजूला आधी उथळ छेद घ्या, मग ताणलेल्या बाजूने. बुंधा मुळासकट कलला असेल तर तो एकट्याने हाताळूच नका.

प्रश्न : बॅटरीचा चेनसॉ चालेल का?

उत्तर : घराजवळ आणि फांद्यांना उत्तम. दिवसभर सरपण कापायला जादा बॅटऱ्या लागतात, तो हिशोब आधी करा.

प्रश्न : अनुदान मिळते का?

उत्तर : त्या वर्षीच्या यंत्रांच्या यादीत असेल तर. पूर्वसंमतीआधी बिल केले तर अनुदान जाते. ‘आत्ता घ्या, कागद मी बघतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून बिल करू नका. हेल्मेट, कानाचे संरक्षण आणि चेनसॉची खास संरक्षक विजार त्यात बसत नसली तरी मशीनबरोबर त्याच दिवशी घ्या. विजारीतले तंतू स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि चेन मांडीपर्यंत पोचण्याआधी थांबते.