वाचकांचे प्रश्न: रंग ठरवायचा पावसात, काढायचा उन्हात

श्रावण तोंडावर आला की या सदराकडे रंगाचेच प्रश्न यायला लागतात, कारण कोकणात घराला रंग काढायची आठवण सगळ्यांना गणपती जवळ आले की होते. बहुतेकांनी फोनवरचे फोटो पाठवून 'अस्सा हवा' असं लिहिलंय. फोटो छान आहेत सगळे, पण ते कुठल्यातरी कोरड्या गावातल्या भरपूर उजेडाच्या घरांचे, जिथे जुलैमध्ये दुपारी दोन वाजता ट्यूब लावावी लागत नाही. आपल्याकडे लागते. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

ताई, देवगडजवळ आमचं चिऱ्याचं जुनं कौलारू घर आहे. ओटी, माजघर, आत दोन खोल्या, मागे पडवी. जमीन लाल कोब्याची. माजघरात दिवसासुद्धा काळोख. मुलगा मुंबईहून सांगतो एक भिंत गडद हिरवी करू, बाकीच्या ग्रे. हे म्हणतात सगळं पांढरं शुभ्र करून टाक म्हणजे उजेड पडेल. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको, काकी.

पांढऱ्याबद्दल हा समज फार पसरलाय की पांढरं केलं की खोली उजळते. भिंत फक्त आलेला उजेड परत टाकते, स्वतःचा तयार करत नाही. तुमच्या माजघरात उजेड मुळात येतच नाही, त्यामुळे तिथे निव्वळ पांढरा पावसाळ्यात राखाडी आणि उदास दिसणार, आणि ग्रे म्हणाल तर तो सरळ सिमेंटचा गिलावा तसाच ठेवल्यासारखा वाटेल. शिवाय लाल कोबा आहे. दारातून येणारा उजेड आधी कोब्यावर पडतो आणि तिथून उसळून भिंतीवर येतो, त्यामुळे भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर कायम तांबूस झाक असते. निळसर किंवा ग्रे रंगावर ही झाक पडली की तो मळकट दिसतो. पिवळसर पांढऱ्यावर तीच झाक बरी दिसते. म्हणून मोतिया, फिक्कट बदामी किंवा ताकात चिमूटभर हळद पडावी तसला रंग बघा. तुमची दारं-खिडक्या जुनी फणसाची असतील तर त्या लाकडाबरोबर हे रंग आपसूक बसतात.

बऱ्याच कंपन्या हल्ली शेडच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा देतात, ० म्हणजे ठार काळा आणि १०० म्हणजे पडलेला सगळा उजेड परत. दुकानदाराकडे नसेल तर मुलाला कंपनीच्या साइटवर बघायला सांगा. माजघरासाठी ७० च्या वरचं काहीतरी घ्या. आणि खरा उजेड हवा असेल तर कौलांमध्ये दोन काचेची कौलं बसवून घ्या, त्याने जो फरक पडेल तो कुठल्याच डब्यातून येणार नाही.

मुलाची हिरवी भिंत ओटीवर करा ना, तिथे उजेड आहे. फक्त एक माहीत असू दे, चिऱ्याच्या भिंतीतून ओलीबरोबर क्षार बाहेर येतात आणि ती पांढरी पावडर गडद रंगावर लांबून दिसते. फिक्या रंगावर ती लपते पण बुरशीचे काळे ठिपके उठून दिसतात. म्हणजे भिंत कुठल्या कारणाने खराब होते ते बघून गडद की फिकं हे ठरवायचं.

आणि आत्ताच एक काम करून ठेवा. आवडलेल्या दोन-तीन शेडचे छोटे सॅम्पल डबे आणून माजघरात दोन भिंतींवर, एक खिडकीलगतची आणि एक खिडकीसमोरची, दोन बाय दोन फुटांचे चौकोन रंगवा. भोवती चार बोटं पांढरा प्रायमर ठेवा, नाहीतर जुना रंग शेजारी असल्यामुळे नवा भलताच दिसतो. हे चौकोन अख्खा पावसाळा तसेच राहू देत. सकाळी बघा, झड लागलेली असताना बघा, रात्री ट्यूबखाली बघा, लाइट गेल्यावर बॅटरीच्या उजेडातसुद्धा बघा. जो रंग आषाढात चांगला दिसतो तो मे महिन्यात दिसतोच, उलटं होत नाही. शिवाय भिंतीला कुठे ओल धरते तेही कळेल. प्रत्यक्ष रंग जानेवारीनंतर काढा.

रत्नागिरीला नवीन फ्लॅट घेतलाय, तिसरा मजला. हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी, समुद्र दिसतो. आतली बेडरूम डक्टकडे. आम्हाला हॉल पीच करायचाय. पझेशन नुकतंच मिळालंय आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आठ दिवसांत पुट्टी मारून रंग संपवतो.

पावसाळा सोडला तर तीन वाजल्यापासून तुमच्या हॉलमध्ये ऊन आत येणार, आणि संध्याकाळचं ऊन मुळातच पिवळं-केशरी. त्यात पीच म्हणजे सहा वाजता खोली भगभगीत नारिंगी. पश्चिमेच्या खोलीला थोडा थंड रंग द्या, पिस्त्यात किंचित राखाडी असलेला, फिक्कट शेवाळी किंवा आकाशी. तुमचा पीच वाया जायला नको, तो डक्टकडच्या बेडरूमला द्या, तिथे ऊन नाहीच त्यामुळे तो छान शांत दिसेल.

त्याआधी बल्ब ठरवा. बल्ब लोक शेवटी ठरवतात आणि मग रंग बदलला म्हणून पेंटरशी भांडतात. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, ३००० म्हणजे पिवळा उजेड, ६५०० म्हणजे पांढरा ट्यूबवाला. फिक्कट निळा पिवळ्या उजेडात हिरवट मळका होतो, आणि क्रीम रंग पांढऱ्या ट्यूबखाली आजारी दिसतो.

आता कॉन्ट्रॅक्टर. सिमेंटच्या नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस द्यायचे असतात आणि वर तो सुकायलाही हवा, आपल्या हवेत तर जास्तच. गिलावा अल्कलाइन, म्हणजे क्षारधर्मी, असतो, तो ओला असताना रंग चढवला तर रंग ठिकठिकाणी जळाल्यासारखा उडतो आणि पुट्टीचे पोपडे येतात. बिल्डरने गिलावा कधी केला ते विचारा. नुकताच असेल तर यंदा प्रायमर आणि एकच हात पांढरा मारून राहायला जा, एक पावसाळा जाऊ दे, बाहेरून कुठे पाणी झिरपतंय ते दिसेल, बिल्डरकडून ते दुरुस्त करून घ्या आणि मग तुमचे आवडते रंग. कॉन्ट्रॅक्टरला हे आवडणार नाही.

ताई, आम्ही कुडाळकडचे. सासरे म्हणतात, "गणपती येवच्या आधी घर रंगवूक व्हया." बाहेर धो धो पाऊस, आत दोन भिंतींना ओल. मुंबईचे सगळे येणार. काय करायचं?

सासऱ्यांचा मान राहील आणि पैसेही वाचतील असं करू. या वर्षी अख्खं घर नाही, फक्त गणपतीची खोली, आणि त्यातही मागची भिंत नीट.

आधी ओल कुठून येते ते बघा. भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय, तिथे आत्ता कुठलाही महागडा रंग लावू नका, वॉटरप्रूफ म्हणून विकतात तोसुद्धा. आतून बंद केलेलं पाणी जागा शोधतंच आणि फुगे येऊन रंग सोलून निघतो. कौल सरकलंय का, पन्हळ भरलीय का, भिंतीला लागून माती चढलीय का, हे बाहेरून बघायचं. थेंब वरच्या बाजूला, खोलीकडे असतील तर तो नुसता हवेतला दमटपणा, खिडक्या उघडा, पंखा लावा, जरा सुकलं की रंग काढता येईल.

भिंतीला पूर्वीपासून चुनाच असेल तर तुमचं काम सोपं आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो, आणि इतका अल्कलाइन असतो की बुरशी त्यावर सहज धरत नाही. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजत घाला (भिजताना उकळतो, पोरांना लांब ठेवा), कपड्यातून गाळा, थोडं डिंकाचं पाणी, पांढरेपणासाठी किंचित नीळ. एक जाड हात देऊ नका, दोन-तीन पातळ द्या. रंगाची झाक हवी तर काव किंवा पिवळी माती घाला, हे रंग चुन्यात टिकतात. पण भिंतीवर आधी ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट असेल तर त्यावर चुना धरत नाही, हाताला लागत राहील आणि आरतीला आलेल्या सगळ्यांच्या पाठी पांढऱ्या होतील.

मागच्या भिंतीवर चित्र काढायची पद्धत तुमच्याकडे असेलच. मुंबईहून येणाऱ्या पोरांना ते काम द्या. पांढऱ्या चुन्यावर लाल कावेने वेल, कमळ, मोर काढले तर आपल्या जुन्या देवळांतल्या कावीच्या कामासारखं दिसेल, फ्लेक्सपेक्षा हजार पटीने बरं.

इमल्शनच (पाण्यात मिसळायचा प्लास्टिक पेंट) मारणार असाल तर डब्यावर चार तासांनी दुसरा हात लिहिलेलं असलं तरी पावसात ते खरं धरू नका, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. काळी बुरशी असेल तर तिच्यावर रंग मारून ती जात नाही, रंगातून परत वर येते. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीन भाग करून पुसा, पाऊण तासाने साध्या पाण्याने पुसा, पूर्ण सुकू द्या. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि ब्लीचमध्ये संडासचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. पांढरे क्षार असतील तर मात्र पाणी लावू नका, ते विरघळून परत भिंतीत जातात, सुक्या ब्रशने झाडून काढा.

चिपळूण. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे म्हणून सासूबाईंना लाल हवंय, मला पांढरं. रोज वाद.

दिशांचं मला कळत नाही, पण स्वयंपाकघरात पांढरं ठेवून रोज फोडणीचे डाग कोण पुसणार हे मला कळतं. फिक्कट अबोली घ्या. सासूबाईंना ते लाल रंगाच्या कुळातलं वाटेल, तुम्हाला उजेड मिळेल. मॅट नको, सॅटिन फिनिश घ्या, पुसता येतं. शेगडीमागे टाइल्स लावा, तिथे लाल लावल्या तरी चालतील.

मालवणला होमस्टे सुरू करतोय, घर बीचपासून जवळ. बाहेरून एकदम ब्राइट करायचंय, पिवळं आणि गुलाबी, फोटोत उठून दिसलं पाहिजे. किती टिकेल?

गुलाबी फार नाही टिकणार दादा. भडक गुलाबी, लिंबू पिवळा, टोमॅटो लाल यात जी रंगद्रव्यं असतात त्यातली बरीच उन्हात विटतात, आणि दक्षिण-पश्चिमेची भिंत आधी विटते, म्हणजे एकाच घराच्या दोन बाजू दोन शेडच्या. विटकरी, गेरू, मातकट पिवळा हे लोहाच्या ऑक्साइडचे रंग, उन्हाला दाद देत नाहीत. मातकट पिवळ्या भिंती, पांढऱ्या चौकटी, वर लाल कौलं आणि मागे माड, फोटोत हे उठून दिसतं की नाही सांगा. गुलाबी हवाच असेल तर एका दाराला द्या, दरवर्षी परत रंगवायला सोपं.

खरं काम ग्रिलचं आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं आणि पावसात तो गंज खिडकीखालून भिंतीवर ओघळतो, नव्या रंगावर तांबडे पट्टे. म्हणून भिंतीच्या आधी ग्रिल. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, त्याच दिवशी झिंकवाला प्रायमर मारा (रात्रभर उघडं ठेवलंत तर सकाळी परत गंज), मग ऑइल पेंटचे दोन हात. चिऱ्याची भिंत कुठे उघडी असेल तर तिला रंगच देऊ नका, सिलिकॉनचं पारदर्शक पाणीरोधक मारा, पाहुण्यांना तीच आवडते.

अलिबाग. मुलगी रांगायला लागलीय. तिच्या खोलीला जुना ऑइल पेंट आहे, आजोबांच्या वेळचा, पोपडे निघतायत. खोली १० बाय १२, उंची १०. कुठला रंग आणि किती लागेल?

रंगाच्या आधी ते पोपडे. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः जुन्या पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि रांगणारं मूल पोपडा उचलून थेट तोंडात घालतं. त्यामुळे सुकी घासणी अजिबात नाही. भिंत ओली करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, कचरा पिशवीत बांधून टाका, जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मुलीला तेवढे दिवस आजीकडे पाठवा, आणि घरात कोणी गरोदर असेल तर त्यांनाही.

शेड तुम्हाला आवडेल ती फिक्कट घ्या, लहान मुलाला गुलाबी-निळ्याने काही फरक पडत नाही. कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या, चारही भिंती एकमेकींचा रंग परत टाकतात त्यामुळे खोलीत तो कार्डापेक्षा गडद होतोच. फिनिश पुसता येण्यासारखं, दोन वर्षांनी ती खडू घेऊन येणार आहे.

किती लागेल ते असं: चारही भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट, दार-खिडकीचे साधारण ४० वजा. चांगल्या इमल्शनचे दोन हात एका लिटरमध्ये सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास बसतात, म्हणजे ४०० ला सव्वातीन लिटर. चार लिटरचा एकच डबा घ्या, एकेक लिटरचे चार सुटे घेऊ नका, मशीनवर वेगवेगळ्या वेळी टिंट केलेल्यात बारीक फरक येतो. जे उरेल ते झाकण घट्ट ठोकून घरात ठेवा, पडवीत नको, आणि शेडचा कोड झाकणावर मार्करने लिहून ठेवा, कागदाचं लेबल आपल्या हवेत वर्षभरात गळून पडतं.